दुसरा फुगा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील तिसऱ्या पुष्पाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव माझ्यामागच्या फलकावर नाही, हे बाहेरगावाहून आलेल्यांच्या लक्षात आलं असेल. ती कार्यकारिणीची चूक नाही. हे वाचनालय सांभाळणाऱ्या गुरुजींनी हयातीतच बजावून ठेवलं होतं, की माझ्या नावाचा फलक लावायचाच असेल तर तेवढ्या पैशात किती पुस्तकं आली असती याचा हिशेब आधी भिंतीवर लावा. मंडळींनी हिशेब केला आणि फलकाचा ठराव मागे घेतला. तेव्हा मीही त्यांना आज नुसतं गुरुजीच म्हणणार आहे.

आमंत्रण द्यायला आलेले कार्यवाह म्हणाले, राजकीय पुस्तकांवर बोला. मी विचारलं, कॉमिक्सवर बोललो तर चालेल? ते थोडे थबकले. मग म्हणाले, दोन्हींवर बोला, पण राजकीय पुस्तकं आधी घ्या. त्यांची क्षमा मागून मी क्रम उलटा घेतो. माझ्या वाचनात तो उलटाच होता.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतलं ते दोन खोल्यांचं जुनं वाचनालय तुमच्यापैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि ती वाचायला सकाळी सातला येऊन बसणारे पेन्शनर. मागच्या खोलीत काचेची कपाटं. त्यातलं राजकीय पुस्तकांचं कपाट तेवढं कुलपात. चोरीची भीती होती म्हणून नव्हे. ती पुस्तकं कोणी चोरत नसे, वाचतही फार थोडे. ते कुलूप जुन्या सवयीचं होतं. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशाण ५३’ नावाचं फर्मान होतं, सभा घ्यायची तर आधी परवानगी घ्या. मग ज्यांना राजकारण करायचं होतं त्यांनी वाचनालयं काढली, गणेशोत्सव भरवले, साहित्याच्या परिषदा घेतल्या. आपल्याकडे सभेला परवानगी नव्हती म्हणून वाचनालय होतं, असं म्हटलं तरी चालेल. १९४८ नंतर कुलपाची गरज संपली, पण किल्ली गुरुजींच्या कोटाच्या खिशातून काही निघाली नाही.

त्या कपाटातल्या एका जाड पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी शिक्के मोजले होते. एक उर्दूतला, निजामी अमदानीतला. दुसरा हैदराबाद राज्याचा. तिसरा मुंबई राज्याचा, कारण १ नोव्हेंबर १९५६ पासून १९६० पर्यंत आपण तिकडे होतो. चौथा महाराष्ट्र राज्याचा. पुस्तक जागचं हललं नव्हतं, चार राज्यं हिंडून आलं होतं. आता पाचवा रबरी शिक्का आला आहे, शहराचं नाव बदलल्यावरचा. पान भरलं म्हणून तो मलपृष्ठाच्या आत मारलाय.

कॉमिक्स मात्र टेबलाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत. लोकांनी रद्दीबरोबर आणून दिलेली. कॉमिक हे पुस्तक नव्हे, सबब त्याला दाखल क्रमांक देता येणार नाही, असा कार्यकारिणीचा ठराव होता. गुरुजींनी ठराव मोडला नाही. शंभर पानी शाळकरी वही आणली, तिच्यावर काहीच नाव घातलं नाही, आणि कॉमिक्सची देवघेव त्या वहीत लिहायला लागले. ट्रंकेत बरीचशी इंद्रजाल कॉमिक्स होती. टाइम्स ऑफ इंडियाने ती मार्च १९६४ मध्ये सुरू केली. मग मराठीतही आली आणि फँटमचा वेताळ झाला. नाव फार फक्कड निवडलं होतं. चांदोबातल्या विक्रम-वेताळावर वाढलेल्या पोराला हा वेताळ परका वाटलाच नाही, फक्त हा झाडाला लटकत नव्हता, घट्ट कपडे घालून घोड्यावर बसत होता.

शहागंजात माझा एक मित्र होता, उर्दू शाळेतला. आमचा सौदा ठरलेला. तो मला दिल्लीहून निघणारं ‘खिलौना’ हे उर्दू मासिक देई, मी त्याला ट्रंकेतला वेताळ. मला उर्दू वाचता येत नव्हतं, त्याला देवनागरी अडखळत. ऐकून मात्र दोघांना दोन्ही भाषा कळत. एका अंकात वेताळ कवटीच्या सिंहासनावर बसलेला, समोर ढोल वाजवणाऱ्या जंगलवासीयांची रांग. वेताळाच्या तोंडून मोठा फुगा निघालाय, ढोलवाल्यांच्या तोंडून काहीच नाही. अंक परत आला तेव्हा रांगेतल्या शेवटच्या ढोलवाल्याच्या डोक्यावर निळ्या बॉलपेनने एक नवीन फुगा काढलेला होता. आत उर्दूत काहीतरी.

माझी बोबडीच वळली. अंक माझ्या नावावर. गुरुजींनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला. त्यांची पिढी निजामी राज्यातली, उर्दू माध्यमातून शिकलेली. उजवीकडून डावीकडे बोट फिरवत त्यांनी वाचलं आणि असे हसले की पुढच्या खोलीतले पेन्शनर डोकावून गेले. लिहिलं होतं: ‘पहले खाना, बाद में ढोल.’ दंड दहा पैसे झाला. तो आम्ही दोघांनी निम्मा निम्मा भरला.

तेव्हापासून मला एक खोड लागली. पुस्तक राजकीय असो की चित्रांचं, मी शेवटचा ढोलवाला शोधतो. त्याच्या डोक्यावर फुगा आहे का? नसेल तर लेखकाने त्याच्यासाठी जागा तरी सोडली आहे का? नायकाच्या तोंडी काय आहे हे मी मग पाहतो. राजकीय पुस्तकांवरची माझी सगळी मतं या खोडीतून आलेली आहेत. ती शास्त्रीय नाहीत. पण एवढ्या वर्षांत मला फारसा धोका दिलेला नाही.

वेताळाचंच पाहा. ली फॉक यांच्या मूळ अमेरिकी चित्रपट्टीत त्या देशाचं नाव बंगालीशी जुळणारं, चाच्यांचं नाव सिंग, आणि वेताळाच्या वडिलांना मारणाऱ्याचं नाव राम. भारतीय आवृत्ती काढताना संपादक दचकले असणार. देश झाला डेंकाली, चाचे झाले सिंगा, राम झाला रामलू. आपल्या भावना दुखावतील तेवढी नावं बदलली. जंगलातल्या बांदर जमातीच्या भावनांचा प्रश्न कोणाला पडला नाही. ते तसेच बुटके, तसेच भाबडे, आणि चारशे वर्षं एका गोऱ्या घराण्याचे कृतज्ञ राहिले. आणि मी, मराठवाड्यातला पोरगा, ते वाचताना स्वतःला ढोलवाल्यांत कधीच मोजलं नाही. मी सिंहासनावर बसत होतो. मित्राने मला रांगेत आणून उभं केलं.

पुढे कॉलेजात कळलं की याच विषयावर एक नामांकित राजकीय पुस्तक आहे. १९७१ मध्ये चिलीत एरियल डॉर्फमन आणि आर्मांद मातलार या दोघांनी डोनाल्ड डक कसा वाचावा हे सांगणारं पुस्तक लिहिलं. डिस्नेच्या बदकांच्या जगात आईबाप नसतात, काकेमामे असतात. खजिना नेहमी गरीब देशात सापडतो आणि तिथले लोक तो हसत हसत देऊन टाकतात, असं त्यांचं म्हणणं. १९७३ च्या लष्करी बंडानंतर त्याच्या प्रती जाळल्या गेल्या, समुद्रात बुडवल्या गेल्या. ज्या पुस्तकाला बुडवायला सैनिक लागतात त्याच्याबद्दल आदर बाळगावाच लागतो. तरी माझी एक तक्रार आहे. त्या पुस्तकात बदक आहे, भांडवल आहे, साम्राज्य आहे, पण कॉमिक वाचणारं पोर कुठेच नाही. त्या पोराच्या हाती बॉलपेन असू शकतं, हे त्या दोघा विद्वानांना सुचलं नाही.

१९६७ पासून अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ निघाली. त्यातला ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी काढला. पुढे प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली मराठी मंडळी त्या मालिकेचे हात झाली. चित्रं सुरेख. घोडा वळला की कातडीखालचा स्नायू वळतो. मुळीकांच्या शिवाजी महाराजांकडे पाहून आम्ही वह्यांच्या मागे किती घोडे बिघडवले त्याला गणती नाही. पण लोक दिसले की त्या मालिकेचा हात सैल सुटतो. रयत नेहमी चौकटीच्या तळाशी, पाठमोरी, आणि वीस डोक्यांना मिळून एकच फुगा: जयजयकाराचा. आपल्याकडची बहुतेक पुढाऱ्यांची चरित्रं नेमकी अशीच लिहिलेली असतात. ‘जनसागर लोटला’ असं वाक्य आलं की मी पेन्सिल काढतो. सागर म्हटला की माणसं मोजायची गरज राहत नाही.

या मालिकेत ‘बाबासाहेब आंबेडकर’ हा अंक १९७९ मध्ये आला. चित्रं दिलीप कदमांची. ते साल ऐकून या सभागृहातल्या काहींच्या पोटात गोळा आला असेल. आदल्या वर्षी २७ जुलैला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि आपला मुलूख पेटला. गावोगाव दलितांची घरं जळली, माणसं मारली गेली. मी तेव्हा अठरा वर्षांचा. शहरात चित्रकथेतले बाबासाहेब स्टेशनवरच्या बुकस्टॉलला टांगलेले, आणि खेड्यात त्यांचं नाव घेतलं म्हणून माणूस गाव सोडून पळतोय, हे दोन्ही मी वर्षभराच्या अंतरात पाहिलं. नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही नामविस्तार म्हणून.

हे सांगताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही. कुलपातल्या कपाटातल्या ज्या माणसांकडे आम्ही मान वर करून पाहत होतो, त्यांतले कितीतरी जण या प्रश्नात दुसऱ्या बाजूला होते. गोविंदभाई श्रॉफ नामांतराच्या विरोधात होते. निजामाशी लढलेला, सरस्वती भुवनसारखी संस्था वाढवणाऱ्यांतला माणूस. मी त्यांचा आदर कमी केला नाही आणि त्यांचं म्हणणं मला पटलंही नाही. पण कपाटाची मांडणी तेव्हा मला पहिल्यांदा दिसली. त्यात मुक्तिसंग्राम होता, गांधी होते, मार्क्स होता. आणि याच शहरात, मिलिंद कॉलेजच्या नागसेनवनात, गंगाधर पानतावणे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक काढत होते, त्याचा एकही अंक कपाटात नव्हता. ट्रंकेतही नव्हता. गुरुजींना मी विचारलं. ते लगेच काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात वर्गणी भरल्याची पावती मला दाखवली.

त्याच सुमारास मी ‘जातिप्रथेचं उच्चाटन’ हे भाषण वाचलं. मूळ इंग्रजी, ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. वेताळाची चित्रपट्टी अमेरिकेत सुरू झाली ते साल १९३६ आणि हे भाषण छापलं गेलं ते सालही १९३६, हा निव्वळ योगायोग. पण मला दोन्ही शेजारी ठेवून बघायला आवडतं. मी आज तुमच्यापुढे बोलतो आहे आणि मग हे छापलं जाईल. ते भाषण छापलं गेलं ते करू दिलं नाही म्हणून. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपद दिलं, मजकूर पाहून मंडळी हबकली, काही भाग गाळायला सांगितला. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने दीड हजार प्रती काढल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गांधीजींनी ‘हरिजन’मधून त्या पुस्तकावर टीका केली. गंमत म्हणजे त्यात किमतीचीही तक्रार होती: आठ आणे फार होतात, दोन आणे, निदान चार आणे ठेवावेत. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी काय करावं? गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि मग तिला उत्तर दिलं. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही पुस्तकातच. म्हणजे ज्यांनी बोलू दिलं नाही त्यांनाही बोलायला जागा आणि ज्यांनी खोडून काढलं त्यांनाही. चळवळीच्या ऐन रणात असलेला माणूस आपल्या पुस्तकाची पानं प्रतिपक्षाला देतो, ही नुसती दिलदारी नाही. आपला मुद्दा समोरच्याच्या पूर्ण वाक्यापुढे टिकतो याची खात्री असल्याशिवाय असं कोणी करत नाही. आज कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याचं पुस्तक उघडा. विरोधक त्यात असतो, पण नेहमी अर्ध्या वाक्यात.

वाचनालयाच्या त्या प्रतीत समासात पेन्सिलीच्या तीन हातांनी लिहिलेलं आहे. पहिला हात: ‘खोटे.’ त्याखाली दुसरा: ‘खोटे कसे ते लिहा.’ त्याखाली पहिलाच हात: ‘जागा नाही.’ आणि अगदी तळाला तिसऱ्या, बारीक अक्षरात: ‘पाठीमागचे पान कोरे आहे.’ पुस्तकांवर लिहू नये अशी पाटी भिंतीवर आहे. मी ती पाटी मानतो. पण या शहराच्या वैचारिक इतिहासाचं साधन म्हणून मला कोणी एकच पान निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन.

दुसऱ्याला बोलू देणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली रीत नाही. महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. ती जोतीराव आणि धोंडिबा यांच्या संवादात लिहिलेली आहे. पानंच्या पानं प्रश्न आणि उत्तर. चौकटी आखल्या की कॉमिक तयार. खरोखरच २०११ मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान या दोघींनी तिचं इंग्रजी चित्ररूप केलं. माझी धोंडिबावर थोडी नाराजी आहे. तो फार लवकर पटवून घेतो. मराठवाड्यातला धोंडिबा असता तर त्याने आणखी दोन प्रश्न घातले असते आणि पुस्तक जाड झालं असतं. आणि बाबासाहेबांनी इथे काढलेलं मिलिंद कॉलेज? ‘मिलिंदपञ्ह’ हा ग्रंथ म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांची प्रश्नोत्तरं. बाबासाहेबांनी परिसराला नाव दिलं उत्तर देणाऱ्याचं, नागसेनवन. आणि कॉलेजला नाव दिलं प्रश्न विचारणाऱ्याचं. मिलिंदच्या फाटकावरून मी हजार वेळा गेलो असेन. हे लक्षात यायला पन्नाशी उलटावी लागली.

कुरुंदकरांचं नाव घेतल्याशिवाय इथे कोणी खाली बसू देणार नाही. नरहर कुरुंदकर नांदेडचे, पण १० फेब्रुवारी १९८२ ला गेले ते याच शहरात, व्यासपीठावर, भाषणाला उभे असताना. पन्नाशीही झाली नव्हती. ‘शिवरात्र’मधले त्यांचे लेख वाचताना माझी फजिती व्हायची ती अशी, की ज्यांना ते खोडणार आहेत त्यांची बाजू ते आधी इतकी चांगली मांडत की मी ती मान्य करून बसे. मग चार पानांनी जमीन काढून घेत. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जे छापलंय ते कुरुंदकरांचं पत्र आहे, आणि त्यात कादंबरीकाराला विचारलेले इतिहासाचे प्रश्न आहेत. लाखो घरांत ती कादंबरी आहे. प्रस्तावना किती घरांत वाचली गेली हा वेगळा विषय. पण देसाईंनी ती पुस्तकाच्या दारातच बसवली, याचे गुण मी त्यांना कादंबरीपेक्षा जास्त देतो. हे मत लोकप्रिय नाही, मला माहीत आहे.

आता दौलताबाद. १९३४ मध्ये बाबासाहेब चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना. प्रवासाची धूळ अंगावर, किल्ल्याच्या दरवाज्याशी काठोकाठ भरलेलं छोटं टाकं. मंडळींनी हातपाय-तोंड धुतलं आणि आत निघाली. तोच पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत मागून आला, की यांनी पाणी बाटवलं. गर्दी जमली, शिवीगाळ सुरू झाली. स्थानिक अस्पृश्यांनाही धमकावलं गेलं. बाबासाहेबांनी लिहिलंय की ते शेवटी चिडले आणि त्यांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या हा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला पाणी द्याल ना? गर्दी गप्प झाली. मग किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. ही हकीकत त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत आहे. लिहिली तीसच्या दशकात, पुस्तिका होऊन आली १९९० मध्ये.

ज्या किल्ल्यावर आमच्या शाळेच्या सहली गेल्या, जिथे मेंढा तोफेवर बसून आम्ही फोटो काढले, तिथली ही गोष्ट आम्हाला कुठल्या गुरुजींनी सांगितली नाही, पाठ्यपुस्तकानेही नाही. मला ती चित्रांतून ठसली. २०११ चं ‘भीमायन’. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. या दोघांनी चौकटी आखायलाच नकार दिला. माणसं डब्यात कोंडल्यासारखी होतात म्हणून. गोंडांच्या घरांच्या भिंतीवर काढतात ती दिग्ना नक्षी पानभर वळत जाते आणि प्रसंग तिच्या पोटात बसतात. फुग्यांचं तर त्यांनी व्याकरणच बदललं. ज्याचं बोलणं मऊ त्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याचं बोलणं विषारी त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. वेताळाच्या अंकात गोऱ्याचा फुगा आणि जंगली माणसाचा फुगा आकाराने सारखेच असत, म्हणून वाटायचं सगळे सारखेच बोलतात. व्याम दांपत्याने दाखवलं की फुग्यालाही जात असते. ज्यांना वेताळाच्या रांगेत ढोल देऊन उभं केलं जातं, त्यांच्यापैकी कोणी ब्रश हातात घेतला की असं होतं.

आणि दौलताबादच्या प्रसंगात नांगी आहे ती एका मुसलमान म्हाताऱ्याच्या तोंडी. हिंदूंना हे वाचून बरं वाटतं, असा माझा अनुभव आहे. दोन ठिकाणी हा प्रसंग सांगितल्यावर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांना मी मग त्याच आठवणींतला चाळीसगावचा टांगा सांगतो. महाराला घेऊन जाणं कमीपणाचं म्हणून टांगेवाल्यांनी टांगा हाकायला नकार दिला. टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच माणसाने हाकला, त्याला हाकता येत नव्हता आणि बाबासाहेब पुलाच्या दगडी फरशीवर फेकले गेले. चेहऱ्यावरची सुटका जाते.

शहागंजातल्या मित्रामुळे मला आणखी एक रिकामी जागा दिसली. आपल्या मुक्तिसंग्रामावर चांगली पुस्तकं आहेत. अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे तर मी दर सप्टेंबरला पुन्हा काढतो. संपादकाच्या हाताने इतिहास लिहिला की वाक्य कसं ताठ राहतं ते त्यात पाहावं. रझाकारांचे अत्याचार, सीमेवरचे कॅम्प, बदनापूरजवळच्या दगडाबाई शेळक्यांसारख्या बायांचं धाडस, हे सगळं आपल्याला घरातूनच माहीत असतं. पण १७ सप्टेंबर १९४८ ला, मुक्तीच्या दिवशी, पान उलटलं की बहुतेक पुस्तकांत जल्लोष सुरू होतो, वीस डोक्यांचा एक फुगा. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या भागांत मुसलमानांची मोठी कत्तल झाली. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने फिरून अहवाल दिला; मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. अहवाल कित्येक दशकं फायलीत पडून होता. माझ्या मित्राचे आजोबा उस्मानाबादेकडचे. त्यांच्या घरी १७ सप्टेंबरला कोणी काही बोलत नसे, एवढंच मी लहानपणी पाहिलं होतं. कारण कळलं ते चाळीस वर्षांनी, पुस्तकातून. रझाकारांच्या कहाण्या खऱ्या आहेत आणि हा अहवालही खरा आहे. एकाने दुसरा पुसला जात नाही. पण कपाटात एकच ठेवला तर ते कपाट अजून कुलपातच आहे असं समजा.

‘मार्मिक’ची आठवण कार्यवाहांनी मुद्दाम करून दिली होती. १३ ऑगस्ट १९६० ला निघालेलं हे व्यंगचित्र साप्ताहिक. त्यातून सहा वर्षांत शिवसेना हा पक्ष जन्माला आला. कुंचल्यातून पक्ष निघाल्याची गोष्ट जगात फार ठिकाणी झालेली नसेल. बाळासाहेब ठाकऱ्यांची रेषा जबरदस्त, याबद्दल वाद नाही. मला मात्र ‘मार्मिक’चं खरं राजकीय सामर्थ्य चित्रांत वाटत नाही, ते ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात होतं. पुढे त्याचं ‘वाचा आणि उठा’ झालं. त्यात फक्त नावांच्या याद्या असत, मोठ्या हुद्द्यांवरच्या अमराठी माणसांच्या. ना चित्र, ना युक्तिवाद, ना फुगा. यादीशी वाद घालता येत नाही.

उलट टोकाला अ‍ॅस्टेरिक्स. १९५९ पासूनची ही फ्रेंच चित्रकथा, गोसिनी आणि उदेर्झो यांची. रोमन साम्राज्य विरुद्ध एक चिमुकलं गाव. लोकशाहीवर इतकं खरं पुस्तक मला दुसरं माहीत नाही. गावावर सैन्य चालून आलेलं असतं आणि लोक मासळी ताजी आहे की शिळी यावरून एकमेकांच्या तोंडात मासे मारत असतात. सरपंच ढालीवरून दर दुसऱ्या पानाला खाली. प्रत्येकाला फुगा आहे. फक्त शेवटच्या मेजवानीत गावचा कवी तोंड बांधून झाडाला टांगलेला असतो, आणि सगळे मजेत जेवतात. साहित्य संमेलनांचा अनुभव असलेल्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

मागच्या वर्षी जुनी खोली रिकामी करायची ठरली तेव्हा ट्रंक निघाली. गंज खाल्लेली, तळाला झुरळांची अंडी. रद्दीवाल्याला देण्याआधी कार्यवाहांनी मला फोन केला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. वेताळाचा तो अंक मिळाला नाही. पुष्कळ शोधला. शेवटी ‘चांदोबा’च्या गठ्ठ्याखाली ती शंभर पानी वही सापडली, गुरुजींच्या तिरक्या अक्षरातली. तारीख, वाचकाचं नाव, अंक, परत केल्याची सही, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. बहुतेक ठिकाणी शेरा ठरलेला: ‘पान फाटले’, ‘मुखपृष्ठ नाही’, ‘तेलाचा डाग’. माझ्या नावापुढे दहा पैशांची नोंद आहे आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: ‘पान १४. एक वाक्य जादा.’